लेकरांना जुनी पुस्तकं ऐकवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लातूरला राहणारं कुटुंब, मुलगा सहा वर्षांचा, मुलगी दहाची, दोघंही इंग्रजी माध्यमात. मराठीतलं जुनं, चांगलं काही कानावर पडावं म्हणून आईनं मोबाइलवर 'श्यामची आई' लावून दिली आणि ती स्वयंपाकाला लागली. धाकटा पाच मिनिटांत उठून गेला, थोरली म्हणाली, 'कळत नाही.' उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली आहे, तर काय बदलावं?

ताई, पाच मिनिटांत तो उठला यात नवल काहीच नाही, कारण तोवर गोष्ट सुरूच झालेली नव्हती. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशा 42 रात्री. म्हणजे मुळातच हे सांगायचं-ऐकायचं पुस्तक आहे. पण पहिल्या रात्रीच्या आधी 'प्रारंभ' येतो आणि पुष्कळ रात्रींच्या सुरुवातीला आश्रमातलं बोलणं, निसर्गवर्णन, चिंतन असतं. छापील पुस्तकात डोळा असल्या ओळींवरून सरकत पुढे जातो. ऐकताना ती सोय नाही. सहा वर्षांच्या लेकरानं तिथं बसावं अशी अपेक्षाच चुकीची.

तेव्हा पहिला बदल म्हणजे क्रम मोडा. दहा वर्षांच्या मुलीसाठी बाराव्या रात्रीपासून, 'श्यामचे पोहणे'पासून सुरुवात करा. विहिरीत उडी मारायला घाबरून दडून बसलेला पोरगा आणि त्याला बाहेर काढणारी आई, एवढं ऐकलं की लेकरं पुढचं मागतात. आपल्याकडे पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवतात हे मुलीनं गावी पाहिलं असेल तर आणखी सोपं. मग 'मुकी फुले' (तिसरी रात्र), 'पत्रावळ' (सातवी), 'मोरी गाय' (नववी), 'अळणी भाजी' (अठरावी) आणि 'मोठा होण्यासाठी चोरी' (एकोणतिसावी). 'सांब सदाशिव पाऊस दे' ही अठ्ठाविसावी रात्र जूनसाठी राखून ठेवा. पाऊस लांबला की आपल्या गावांतून धोंडी निघते, 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत दारोदार फिरते. ते माहीत असलेल्या लेकराला या प्रकरणाचं वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. अशा सात-आठ रात्री ऐकून झाल्या, श्याम ओळखीचा झाला, की मग 'प्रारंभ'पासून सलग लावा. तेव्हा चिंतनाचे तुकडेही ऐकले जातात, कारण बोलणारा कोण आहे हे आता ठाऊक असतं.

दोन ठिकाणी आधी स्वतः ऐकल्याशिवाय लावू नका. बत्तिसाव्या रात्रीपासून घरावरचं कर्ज हा विषय येतो आणि सदतिसाव्या रात्रीत अब्रू चव्हाट्यावर येते. ज्या घरात सावकाराचं किंवा बँकेचं देणं हा रोजचा विषय आहे, किंवा नात्यात कुणी शेतकऱ्यानं जीव दिला आहे, तिथं हे लेकराला नुसती गोष्ट म्हणून ऐकू येत नाही. अडतीस ते एकेचाळीस या रात्री आईचं आजारपण आणि मरण. त्या झोपायच्या वेळी नकोतच. दुपारी लावा, एका दिवशी एकच, आणि नंतर अर्धा तास तुम्ही मोकळ्या असा. 'देवाला सारी प्रिय'मध्ये म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावर मोळी चढवून देण्याचा प्रसंग आहे. तो वगळू नका. पण लोक तिला शिवायला का तयार नव्हते, हे मुलगी विचारणार. ते सरळ, खरं सांगायची तयारी ठेवा. गुळगुळीत उत्तर दिलं की दहा वर्षांच्या लेकराला कळतं.

आता धाकट्याकडे. सहा वर्षांच्या लेकरासाठी श्याम आणखी दोन वर्षांनी. त्याला आधी आवाज हवा. लय, ठेका, पुन्हा पुन्हा येणारी ओळ, सोंग. यासाठी आपल्या मराठवाड्याइतकी श्रीमंती क्वचितच कुठे असेल. पैठणच्या नाथांची भारुडं लावा. 'विंचू चावला' कुणी ताकदीनं सादर केलेलं असेल तर धाकटा तिसऱ्या दिवशी घरभर विंचू चावल्यासारखा नाचत फिरेल. अर्थ लावत बसू नका, तो वयानं येईल. गंगाखेडच्या जनाबाईंचे 'झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी' असे अभंग संथ चालीत ऐकवा. देव केर भरतो हे चित्र त्याला पुरेसं गमतीचं आहे. चक्रधरस्वामींच्या दृष्टांतांतला हत्ती आणि जन्मांधांचा दृष्टांतही या वयाला फार जमतो, पण तो आजच्या मराठीत सांगितलेला घ्या. तेराव्या शतकातली मूळ भाषा या वयात नुसता आवाज ठरेल. त्याच्या जोडीला पंचतंत्र, ईसापनीती, बिरबल. एक गोष्ट सहा ते आठ मिनिटांत संपणारी हवी. तीच गोष्ट त्यानं सलग दहा दिवस मागितली तर लावा. मोठ्यांना कंटाळा येतो, लेकरांना येत नाही. पाठ झालेल्या ओळी मग त्याच्या बोलण्यात उतरतात आणि आपल्याला हवं होतं ते हेच.

मुलगी सरावली की चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ. विनोद हा ऐकण्याचा उत्तम व्यायाम आहे, कारण हसू वेळेवर आलं नाही तर वाक्य निसटलं हे लगेच समजतं. मात्र तो विनोद जुन्या काळच्या मध्यमवर्गीय घराचा आहे, तेव्हा दोन-तीन गोष्टी वाया जातील, तेवढं धरून चाला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तला बालपणाचा भाग, म्हणजे वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे किस्से, या वयाला मस्त जातो. पुढचं संसाराचं पर्व चौदा-पंधराव्या वर्षी. साहसकथा हवी असेल तर ज्यूल व्हर्नच्या भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या कादंबऱ्या आहेत. त्यांचं मराठी बोलकं आहे, तोंडानं म्हणताना अडत नाही, आणि भाषांतराची कसोटी तीच असते.

किती वेळ? सहा वर्षांच्याला आठ-दहा मिनिटं, आठच्या आसपास पंधरा, दहा-बाराला वीस ते पंचवीस. संथ, स्पष्ट मराठी वाचन मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांचं असतं, त्यामुळे दोन हजार शब्दांचं प्रकरण सोळा ते वीस मिनिटं घेतं. याच हिशेबानं रेकॉर्डिंग अख्खं आहे की कापलेलं, हेही ओळखता येतं. 'श्यामची आई'सारखं भरगच्च पुस्तक कुणी दीड तासात संपवत असेल तर तो सारांश आहे, मग वर मुखपृष्ठ काहीही असो. सारांश टाळा. त्यात घटना राहतात आणि बोलणं जातं, आणि या पुस्तकांचा जीव बोलण्यातच आहे. वाचक भरभर वाचत असेल तर वेग 0.9 वर आणा. 0.75 वर नेऊ नका, आवाज घोगरा आणि झोपाळू होतो. 1.25 तर मोठ्यांनाही नको.

वाचणारा आवाज निवडताना दहा मिनिटांचा नमुना ऐका. हल्ली मशीनच्या आवाजातली 'ऑडिओबुकं' फार झाली आहेत. ती ओळखायची खूण सोपी आहे: चाक, जुना, झाड हे शब्द कसे येतात ते पाहा. हे च, ज, झ आपण दातांजवळून काढतो. मशीन बऱ्याचदा ते हिंदीसारखे तालव्य, म्हणजे टाळूजवळून काढते, ळ चा ल होतो आणि संवाद व वर्णन एकाच पट्टीत जातात. ज्या लेकराला शाळेत मराठी तासाभरापुरतीच मिळते, त्याच्या कानाला हे उच्चार बसू देऊ नका. माणसाच्या आवाजातही अतिनाट्य वाईट. प्रत्येक वाक्याला हुंदका, मागे सतत बासरी, असं असेल तर सोडून द्या. लेकरं आधी भारावतात आणि तिसऱ्या दिवशी कंटाळतात.

वाचणारे बहुतेक पुण्या-मुंबईच्या वळणाचं बोलतात. त्यावर लेकरं हसली तर हसू द्या. तुम्ही नंतर तीच गोष्ट घरच्या बोलीत दोन वाक्यांत सांगा, 'मग माय त्याला काय म्हणायलीय बघ,' अशी. दोन्ही मराठी कानात राहतात, एकीनं दुसरी मरत नाही. अडचण बोलीपेक्षा वस्तूंची जास्त असते. कोकणातलं घर, फणस, समुद्र, सततचा पाऊस यांतलं लातूरच्या लेकरानं फारसं पाहिलेलं नसतं. 'लाडघरचे तामस्तीर्थ'मध्ये तर समुद्राचं पाणीच तांबूस दिसतं. लावण्याआधी अशी तीन-चार चित्रं दाखवा किंवा एका मिनिटात तोंडी सांगा, त्याहून जास्त नको. जुन्या घरांचे शब्द मात्र आपल्याकडे हाताशी आहेत. गावाकडे वाडा किंवा माळवदाचं घर उरलं असेल तर एकदा फिरवून आणा: ही ढेलज, ही ओसरी, हे माजघर, ही भिंतीतली देवळी. पुस्तकातला 'कोनाडा' म्हणजे ही देवळीच, हे तिथं उभं राहून सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आता सोबत बसण्याविषयी, कारण बहुतेक घरांत सगळं इथंच फसतं. पहिले दोन आठवडे तुम्ही किंवा आजी, कुणीतरी मोठं माणूस शेजारी ऐकत बसलेलं हवं. त्याचं काम थांबवण्याचं. वीस मिनिटांत दोनदा, फार तर तीनदा थांबवा. अवघड शब्द आला तर अर्थ एका वाक्यात, आणि पंधरा सेकंद मागे घेऊन तेच वाक्य पुन्हा. लेकराचं तोंड पडलं, नजर फिरली तर 'आता काय करेल गं हा?' एवढं विचारा आणि उत्तराची वाट न पाहता पुढे चालू करा. संपल्यावर तात्पर्य विचारू नका. तात्पर्य विचारलं की गोष्टीची परीक्षा होते आणि परीक्षेला कुणी आपणहून बसत नाही. दुसऱ्या दिवशी सुरू करण्याआधी 'काल कुठवर आलो होतो?' हे मुलीनं धाकट्याला सांगायचं. तिची उजळणी होते, त्याला आयता सारांश मिळतो, आणि दहाव्या वर्षी कुणाला तरी शिकवण्याचा रुबाब मिळाला की आणखी काय हवं.

दोन वयं एकत्र असली की वेळ वाटून घ्या. पहिली दहा मिनिटं दोघांची, धाकट्याच्या मापाची गोष्ट. ती संपली की त्याला जायची मोकळीक, मग पंधरा-वीस मिनिटं थोरलीची. तो घुटमळत तिथंच बसला तर बसू द्या, पण त्याच्यासाठी तिची गोष्ट थांबवायची नाही.

हात रिकामे ठेवू नका. भुईमुगाच्या शेंगा फोडणं, चिंचा सोलणं, हरभऱ्याची डाळ निवडणं, चित्र रंगवणं, यातलं काहीही चालतं. गृहपाठ, मोबाइलवरचा गेम किंवा टीव्ही आवाज बंद करूनसुद्धा चालत नाही, कारण तिथं डोक्यातला भाषेचा भाग दुसरीकडे गुंतलेला असतो. शेंगा फोडताना तो मोकळा राहतो. मुलगी मराठी वाचायला लागली असेल तर आठवड्यातून एकदा पुस्तक समोर ठेवून बोट फिरवत ऐकू द्या. यासाठी रेकॉर्डिंग संपूर्ण पुस्तकाचं हवं, नाहीतर ओळी जुळत नाहीत आणि ती चिडते.

यंत्राचं आता. फोनवरच ऐकायचं असेल तर आधी डाउनलोड करा, मग एरोप्लेन मोड लावा आणि पडदा बंद करून फोन उंचावर ठेवा. व्हिडिओच्या चॅनेलवर गोष्ट ऐकवणं सगळ्यात वाईट: ऐन रंगात जाहिरात येते, पुढचा व्हिडिओ आपोआप भलताच लागतो आणि लेकरू ऐकायचं सोडून बघायला लागतं. स्टोरीटेलसारख्या वर्गणीच्या ॲपवर मराठी साठा मोठा आहे. तिथलं डाउनलोड त्या ॲपमध्येच वाजतं, मेमरी कार्डावर काढता येत नाही. झोपताना ऐकत असाल तर ॲपचा स्लीप टायमर वीस मिनिटांवर ठेवा, नाहीतर सकाळी पुस्तक पाच प्रकरणं पुढे गेलेलं असतं.

आजीकडे हरिपाठ-भजनं वाजवणारा कार्डाचा स्पीकर असेल तर तो लेकरांसाठी फोनपेक्षा चांगला, पडदाच नाही. लाइट गेली तरी चालतो. पण त्याच्या दोन खोडी आहेत. हे स्वस्त स्पीकर बहुतेक वेळा फाइली नावाच्या क्रमानं न लावता कार्डावर ज्या क्रमानं कॉपी झाल्या त्या क्रमानं लावतात. म्हणून कार्ड आधी फॉरमॅट करा, फाइलींना 01, 02, 03 अशी इंग्रजी आकड्यांतली नावं द्या आणि एकेक करून क्रमानं टाका. दुसरी खोड म्हणजे बंद करून पुन्हा लावला की कुठं थांबलो होतो हे अनेकांना आठवत नाही. म्हणून एक फाइल दहा मिनिटांहून मोठी ठेवू नका. कार्ड 32 जीबी किंवा त्याहून लहान घ्या. त्यापुढची कार्डं एक्सफॅट पद्धतीनं येतात आणि असे पुष्कळ स्पीकर फक्त फॅट32 वाचतात. नुसत्या बोलण्यासाठी 64 केबीपीएस मोनो एमपी3 पुरते, तासाला साधारण 29 एमबी. म्हणजे 8 जीबीच्या कार्डात अडीचशे तासांहून जास्त ऐकणं बसतं.

आवाज घुमण्याची तक्रार आपल्या घरांत हमखास असते. शहाबादी फरशी, मोकळ्या भिंती, वर पत्रे. व्यंजनं एकमेकांत मिसळतात आणि लेकरू म्हणतं, कळत नाही. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, खाली वाकळ किंवा गोधडी, आणि लेकरांपासून चार-पाच फुटांवर. एप्रिल-मेमध्ये खरा शत्रू कूलर. त्याच्या घरघरीत वाक्यांची टोकं बुडतात, मग आपण आवाज वाढवतो आणि घुमणं आणखी वाढतं. आवाज वाढवण्याऐवजी स्पीकर जवळ आणा, कूलर मधल्या वेगावर ठेवा, किंवा सरळ रात्री गच्चीवर ऐका. इयरफोन सोबत ऐकण्याच्या मुळावरच येतात, तेव्हा सहसा नकोतच. प्रवासात लागले तर लेकराला आपली हाक ऐकू येईल इतकाच आवाज. जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांसाठी घालून दिलेली मर्यादा 75 डेसिबल, आठवड्याला 40 तास, अशी आहे.

बाजारात मिळत नाही ते घरी रेकॉर्ड करा. आजोबांचा आवाज कुठल्याही नटापेक्षा लेकरं जास्त ऐकतात. कपड्यांनी भरलेलं कपाट आणि अंथरुणं असलेली खोली घ्या. पंखा, कूलर, फ्रिज बंद. फोन एरोप्लेन मोडवर, तोंडापासून वीतभर अंतरावर, पण समोर न धरता थोडा बाजूला, नाहीतर प, फ, भ ला फटका बसतो. सुरुवातीला पाच सेकंद शांतता सोडा. चुकलं की थांबवू नका. एकदा टाळी वाजवा आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचा. नंतर रेकॉर्डिंगच्या आलेखात टाळीचा उंच काटा लगेच दिसतो आणि तेवढा तुकडा कापता येतो. एका बैठकीत पंधरा मिनिटांहून जास्त वाचायला लावू नका, घसा बसल्याचं फाइलीत स्पष्ट ऐकू येतं. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर पुस्तकाआधी त्या घ्या.

घरातले आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर आणि लेकरं आजीजवळ गावात, अशी बीडकडची कितीतरी घरं आहेत. तिथं याच फाइली उपयोगी पडतात. आईनं कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, रात्री तेच प्रकरण ऐकायचं आणि फोनवर 'जेवलास का' झाल्यावर त्याच गोष्टीवर दोन वाक्यं बोलायची. फाइल पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे नाव आणि क्रम टिकतो. आईला पाच मिनिटांचीही उसंत नसेल तर आजीनं तिला आधीच गोष्ट सांगून ठेवावी.

घरातल्या रेकॉर्डिंगची घरात काही अडचण नाही. ती यूट्यूबवर किंवा मोठ्या ग्रुपवर टाकायची असेल तर हक्क पाहावे लागतात. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतात. लक्ष्मीबाई टिळक 1936 मध्ये गेल्या, साने गुरुजी 1950 मध्ये, चि. वि. जोशी 1963 मध्ये. या तिघांचं हयातीत छापलेलं मूळ लेखन आता मोकळं आहे. भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा वेगळा असतो, त्यामुळे ज्यूल व्हर्न मोकळा असला तरी भागवतांचं मराठी अजून मोकळं नाही. आणि दुसऱ्यानं केलेलं रेकॉर्डिंग, मजकूर कितीही जुना असो, त्याच्या परवानगीशिवाय पुढे पाठवू नका.